डायोडची घरघर: रेडिओचा पॉवर सप्लाय गप्प कसा करायचा

पहिला रिसीव्हर बांधला तेव्हा आठ पेन्सिल सेलवर तो छान चालायचा. रात्री सात मेगाहर्ट्झवर लांबच्या हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) गप्पा ऐकू यायच्या आणि मधल्या रिकाम्या जागेत नुसती हलकी खरखर. महिनाभरात सेल संपले. म्हणून ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक मोठा कपॅसिटर जोडून घरीच एलिमिनेटर केला. स्विच दाबला आणि हेडफोनमध्ये मोहोळ उठलं.

मग प्रत्येक नवशिका करतो तेच मी केलं. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ४७०० चा टाकला. आवाज गेला नाहीच, उलट थोडा टोकदार झाला. असं का झालं ते कळायला पुढे बरेच दिवस गेले. तोवर मी डायोड बदलले, रेग्युलेटर बदलला, डबाही बदलला. आवाज नक्की कुठला आहे हे तपासायचं तेवढं राहिलं होतं.

रेडिओवाले ‘डायोडचा आवाज’ म्हणतात तेव्हा त्या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी असतात. एकात डायोड स्वतः आवाज निर्माण करतो. दुसऱ्यात तो स्वतः काही करत नाही, पण स्टेशनच्या सिग्नलची वाट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि बंद करतो. दोन्हींचं औषध थोडं सारखं आहे, पण पूर्ण सारखं नाही. त्यात साध्या रिपलची (डीसीवर उरलेल्या लाटांची) गुणगुण आणि शेजारच्या एलईडी दिव्याचा कचरा मिसळला की नवशिक्याचा पुरता गोंधळ होतो. म्हणून हत्यारं हातात घेण्याआधी कान वापरायचे.

काम सुरू करण्याआधी

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (मेनकडच्या गुंडाळीवर) २३० व्होल्ट असतात आणि ते माफ करत नाहीत. प्रायमरीची उघडी टोकं स्लीव्हने किंवा हीट-श्रिंकने झाका, आत फ्यूज घाला आणि सप्लायला हात लावण्याआधी पिन सॉकेटमधून बाहेर काढा. नुसता बटण बंद करून काम करू नका. आपल्याकडच्या कितीतरी बोर्डांत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते, मग बटण बंद असतानाही फेज आतपर्यंत आलेला असतो. या लेखातलं जवळजवळ सगळं काम सेकंडरीच्या बाजूला, १२ ते १८ व्होल्टवर आहे. मेनच्या बाजूची कामं कुठे येतात ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

पायरी १: आवाज ओळखा

रिसीव्हर बॅटरीवर लावा. १२ व्होल्टचा असेल तर आठ पेन्सिल सेल किंवा यूपीएसमधली छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी चालेल. सप्लायची पिन भिंतीतून काढून ठेवा. आता ऐका.

बॅटरीवरही तोच आवाज येत असेल तर तुमचा सप्लाय निर्दोष आहे. आवाज घरातून किंवा शेजारून येतोय. घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा, घरच्यांना आधी सांगून. आवाज गेला तर एकेक एमसीबी चालू करत गुन्हेगार शोधा. मोबाइल चार्जर, एलईडी दिवा, वायफायचा अ‍ॅडॉप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे नेहमीचे संशयित. या लेखाचा पुढचा भाग त्यांच्यासाठी नाही.

बॅटरीवर शांत आणि सप्लायवर आवाज असेल तर आणखी एक छोटा प्रयोग करा. मी स्वतः हा प्रयोग फार उशिरा शिकलो. रिसीव्हर बॅटरीवरच राहू द्या. शेजारी सप्लाय चालू करा आणि त्याच्या आउटपुटला १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा, म्हणजे डायोडांमधून खरोखर करंट जाईल. १२ व्होल्टला हा रेझिस्टर १२० मिलिअँपिअर घेतो आणि दीडेक वॉट तापतो, तेव्हा त्याला बोट लावू नका. एकही वायर जोडलेली नसताना रिसीव्हरमध्ये घरघर आली तर सप्लाय रेडिओ लहरी हवेत फेकतोय. हाच पहिल्या प्रकारचा डायोडचा आवाज.

आता सप्लाय रिसीव्हरला जोडा आणि काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा.

काटा कुठेही असो, व्हॉल्यूम कमी केला तरी मंद, जाड, एकसुरी गुणगुण येत राहिली तर ती रिपलची. फिल्टर कपॅसिटर किंवा रेग्युलेटर पाहा. डायोडाला दोष देऊ नका.

बँडभर पसरलेली, कर्कश, ‘चर्र्र’ अशी दातेरी घरघर असेल, कुठे जास्त तर कुठे कमी, तर ती डायोडाच्या झटक्याची.

आणि रिकाम्या जागी रेडिओ शांत असेल, पण स्टेशन लागलं की त्याच्या पोटात गुणगुण सुरू होत असेल, जितकं स्टेशन जोरकस तितकी ती मोठी, तर ते दुसरं दुखणं. मॉड्युलेशन हम. पुण्यात बसून ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे लावलं तर निवेदकाच्या मागे कोणीतरी सतरंजीवर बसून तंबोरा छेडतंय असं वाटतं. काटा जरा सरकवला की तंबोराही गायब.

वहीत लिहून ठेवा: कोणता आवाज, कोणत्या फ्रिक्वेन्सीला, अँटेना काढली तर जातो की राहतो. पुढे प्रत्येक बदलानंतर याच नोंदीशी ताडून पाहायचं आहे.

एक बाजूचा चोर: रेग्युलेटरची भूक

डायोडांकडे वळण्याआधी रिपलची एक गंमत सांगतो, कारण ‘डायोडचा आवाज’ म्हणून माझ्याकडे आलेल्या सप्लायांपैकी कितीतरी खरं तर याच रोगाचे होते.

१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज आणि पुढे ७८१२, म्हणजे १२ व्होल्टचा रेग्युलेटर. ही जोडी जिथे तिथे दिसते आणि कागदावर ती काठावरच उभी आहे. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्ट. ब्रिजमधले दोन डायोड १.४ व्होल्ट खातात, उरले १५.६. २०० मिलिअँपिअर लोडला १००० मायक्रोफॅरडवर रिपल किती? करंट भागिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स, म्हणजे ०.२ भागिले (१०० × ०.००१), येतात २ व्होल्ट. (प्रत्यक्षात जरा कमी भरतो.) म्हणजे दरीत १३.६ व्होल्टच उरले आणि ७८१२ ला नीट काम करायला १४ च्या आसपास हवेत. दरीत रेग्युलेटर सुटतो आणि रिपल थेट आउटपुटला उतरतो. गावाकडे संध्याकाळी मेन २०० व्होल्टवर आलं की विचारूच नका. शिखर वजा डायोड करून १३.३ च उरतात.

इथे डायोडांवर कितीही कपॅसिटर लावले तरी उपयोग शून्य. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा रिसीव्हर ९ व्होल्टवर चालत असेल तर ७८०९ लावा.

डायोड आत काय करतो

आता खरा विषय.

मोठा फिल्टर कपॅसिटर शिखरापर्यंत भरलेला असतो, म्हणून डायोड पूर्ण अर्धचक्र चालत नाही. मेनच्या १० मिलिसेकंदांच्या अर्धचक्रात तो शिखराच्या आसपास दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. पण तेवढ्या वेळात पूर्ण १० मिलिसेकंदांचा खुराक ढकलायचा असतो, म्हणून सरासरी २०० मिलिअँपिअर घेणाऱ्या सप्लायमध्ये डायोडमधून एक अँपिअरच्या घरातला ठोका जाऊ शकतो. कपॅसिटर जितका मोठा तितका हा ठोका अरुंद आणि उंच. माझ्या ४७०० ने आवाज टोकदार का केला ते आता कळलं असेल.

पुढची गोष्ट शिखर उतरताना घडते. साधा सिलिकॉन डायोड, आपला १एन४००७, दुकानात ‘फोर डबल ओ सेव्हन’ म्हटला की मिळतो तो, चालू असताना पोटात विद्युतभार साठवून ठेवतो. व्होल्टेज उलटं झालं तरी तो लगेच बंद होत नाही. साठा संपेपर्यंत काही मायक्रोसेकंद उलटा करंट वाहू देतो आणि मग एकदम खटकन बंद होतो. याला रिव्हर्स रिकव्हरी म्हणतात. एसटीचा दार ओढणारा कंडक्टर आठवा. प्रवासी सगळे आत आले तरी हात दाराबाहेरच, आणि मग धाडकन.

तो ‘धाडकन’ महत्त्वाचा. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत लीकेज इंडक्टन्स असतो, म्हणजे ती छोट्या कॉइलसारखी वागते, गुंडाळीला आणि डायोडाला स्वतःची थोडी कपॅसिटी असते. दोन्ही मिळून एक ट्यून्ड सर्किट झालं, तुमच्या रेडिओतल्या कॉइल-गँगसारखंच. त्याला सेकंदाला शंभर वेळा हातोडा बसतो आणि ते घंटेसारखं वाजतं.

आकडे घालून पाहू. लीकेज १०० मायक्रोहेन्री आणि कपॅसिटी ५०० पिकोफॅरड धरली, छोट्या ट्रान्सफॉर्मरला अशक्य नाहीत हे आकडे, तर वाजण्याची फ्रिक्वेन्सी येते सुमारे ७१० किलोहर्ट्झ. मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ आणि पुण्याच्या ७९२ च्या मधेच! मीडियम वेव्हच्या छाताडावर बसवलेला ट्रान्समीटरच म्हणा. तुमचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल तर आकडा वेगळा येईल, पण बहुतेक वेळा तो दोन आकडी किलोहर्ट्झ ते काही मेगाहर्ट्झ या पट्ट्यातच पडतो आणि त्याची पिल्लं वरच्या बँडांत पोचतात.

दुसरं दुखणं याहून गुपचूप आहे. घराचं वायरिंग ही मोठी अँटेना आहे. स्टेशनचा सिग्नल तिच्यावर येतो, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी-सेकंडरीमधल्या कपॅसिटीतून पलीकडे जातो आणि डायोडांतून तुमच्या रेडिओच्या ग्राउंडपर्यंत पोचतो. डायोड उघडा असला की वाट मोकळी, बंद असला की अडलेली. वाट सेकंदाला शंभर वेळा बदलली की स्टेशनचा जोरही शंभर वेळा वरखाली होतो आणि रेडिओचा डिटेक्टर तेच इमानेइतबारे आवाज म्हणून ऐकवतो. १एन४००७ या कामात किती तरबेज आहे हे हॅम लोकांना चांगलं ठाऊक आहे. घरी बांधलेल्या सेटमध्ये ते हाच स्वस्त डायोड अँटेनाचा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणून मुद्दाम वापरतात.

पायरी २: प्रत्येक डायोडावर एक कपॅसिटर

हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो आधी करायचा. १० नॅनोफॅरडचे, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर घ्या. अंगावर १०३ छापलेलं असतं. १०४ छापलेला दहापट मोठा, तो घेऊ नका. व्होल्टेज १०० किंवा जास्त. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चार कपॅसिटर चहाच्या पैशात मिळतात. आठ घ्या, लागतात.

प्रत्येक डायोडाला एकेक समांतर. ब्रिजला चार, ‘१२-०-१२’ ट्रान्सफॉर्मरवर दोन डायोड असतील तर दोन. सिरॅमिकला दिशा नसते. पाय शक्य तितके आखूड ठेवा, डायोडाच्या पायालाच टेकवून सोल्डर करा. दोन इंच लांब पायांचा कपॅसिटर या कामात कपॅसिटर राहतच नाही, वायर होतो.

चार पायांचा तयार ब्रिज असेल तर आतले डायोड दिसत नाहीत, पण काम तेच. दोन्ही एसी पायांपासून प्लसला एकेक आणि दोन्ही एसी पायांपासून मायनसला एकेक. पीसीबीच्या तांब्याच्या बाजूने लावले तरी चालतात.

आता वर घातलेल्या उदाहरणात काय बदल झाला? ब्रिजवरचे चार १० नॅनोफॅरड मिळून सेकंडरीला एकच १० नॅनोफॅरड दिसतो (प्लस आणि मायनस मोठ्या कपॅसिटरने रेडिओ फ्रिक्वेन्सीला जोडलेलेच असतात म्हणून). घंटा ७१० वरून सुमारे १५५ किलोहर्ट्झवर उतरली. मीडियम वेव्ह आपल्याकडे ५३१ पासून सुरू होते, म्हणजे मुख्य सूर बँडाच्या खाली गेला. आणि दुसऱ्या दुखण्यासाठी तर हा रामबाण आहे. डायोड उघडा असो की बंद, रेडिओ फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरमधून वाट कायम मोकळीच राहते. बदल नाही, म्हणून गुणगुण नाही.

पण नीट लक्षात घ्या. घंटा अजून वाजतेच आहे, फक्त खालच्या सुरात. लाँगवेव्ह किंवा व्हीएलएफ (त्याहूनही खालच्या फ्रिक्वेन्सी) ऐकणाऱ्याला हा सौदा उलट महागात पडेल.

पायरी ३: घंटेवर हात ठेवणारा रेझिस्टर

वाजणारी घंटा थांबवायची तर तिच्यावर हात ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो हात म्हणजे रेझिस्टर. सेकंडरीच्या दोन टोकांवर, डायोडांच्या आधी, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सिरीजमध्ये लावतात. त्याला स्नबर म्हणतात.

किती ओहमचा? लीकेज इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ. आपल्या उदाहरणात १०० मायक्रोहेन्री आणि साडेदहा नॅनोफॅरड, उत्तर ९८ ओहम. म्हणून १०० ओहमने सुरुवात करा. ४७ ओहमपर्यंत खाली आलात तर घंटा जवळजवळ एकाच ठोक्यात थंड होते. सिरीजमधला कपॅसिटर त्या १० नॅनोफॅरडच्या दसपट किंवा जरा जास्त, म्हणजे १०० ते १५० नॅनोफॅरडचा पॉलिस्टर, १०० व्होल्टचा. ५० हर्ट्झला यातून अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासच करंट जातो, तेव्हा अर्धा वॉट रेझिस्टर थंडगार राहतो.

ऑसिलोस्कोप असेल तर सेकंडरीवर लावून डायोड बंद होतानाची ती शेपटी बघत बघत रेझिस्टर निवडता येतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतो. मग जुना खिशातला ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे रिकाम्या जागी लावा आणि ट्रान्सफॉर्मरपासून वीतभर अंतरावर धरा. २२०, १००, ४७ ओहम एकेक करून लावा. प्रत्येक वेळी सप्लायची पिन काढून. सगळ्यात शांत कोणता ते खिशातला रेडिओच सांगतो. हा गरिबाचा स्कोप मी आजही वापरतो.

बऱ्याच लोकांचं पायरी २ वरच भागतं. मीडियम वेव्हच्या खाली काही ऐकत नसाल आणि घरघर गेली असेल तर इथे थांबायला हरकत नाही.

डायोड बदलायचे का?

यावर फार वाद होतात. माझं मत: शेवटी बदला, आधी नाही.

फास्ट रिकव्हरी डायोड, उदाहरणार्थ यूएफ४००७, ७५ नॅनोसेकंदांत मोकळा होतो. साठा कमी म्हणून झटका लहान. पण काही फास्ट डायोड बंद होताना जास्त तुटक बंद होतात, मग घंटा आणखी वरच्या सुरात वाजू शकते. शॉट्की डायोडमध्ये साठ्याचा प्रश्नच नाही, शिवाय व्होल्टेजही कमी खातो. वरच्या ७८१२ च्या भुकेला ती मदतच. पण शॉट्कीला स्वतःची कपॅसिटी बरीच असते, ती ट्रान्सफॉर्मरबरोबर थोडं वाजतेच. आणि मॉड्युलेशन हमचं काय? शॉट्कीही उघडतो आणि बंद होतोच. म्हणजे महागाचे डायोड आणून १०३ चे कपॅसिटर न लावणाऱ्याचा तंबोरा तसाच चालू राहतो.

शॉट्की घेताना एक खड्डा आहे. १एन५८१९ सगळीकडे मिळतो, पण तो ४० व्होल्टचा. ‘१२-०-१२’ वर दोन डायोड लावले की बंद डायोडावर शिखराच्या दुप्पट उलटं व्होल्टेज येतं, म्हणजे ३४. छोटा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना १२ ऐवजी १४-१५ सहज देतो, मग तोच आकडा ४२. डायोड गेला! तिथे ६० किंवा १०० व्होल्टचा शॉट्की घ्या, एसबी१६० किंवा एसबी११००. ब्रिजमध्ये उलटं व्होल्टेज एका शिखराएवढंच असतं, तिथे १२ व्होल्टला १एन५८१९ चालतो.

कोणी ‘१एन४१४८ फार फास्ट आहे’ म्हणून तो सप्लायमध्ये लावायला सांगितला तर हसून सोडून द्या. चार नॅनोसेकंदांचा आहे खरा, पण तो सिग्नलचा डायोड. चार्जिंगच्या ठोक्यात भाजून निघेल.

पायरी ४: वायरी

ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठा कपॅसिटर या तिघांतून अँपिअरचे ठोके फिरतात. हे वर्तुळ जितकं मोठं तितकी मोठी फ्रेम अँटेना. तिघे जवळ बसवा, वायरी पिळून घ्या.

रिसीव्हरची प्लस आणि मायनस मोठ्या कपॅसिटरच्या पायांवरूनच उचला. डायोडापासून कपॅसिटरकडे जाणाऱ्या पट्टीवर मधेच कुठेतरी ग्राउंड जोडलात तर त्या पट्टीत चार्जिंगच्या ठोक्यांनी पडणारे मिलिव्होल्ट थेट तुमच्या ग्राउंडमध्ये मिसळतात. ही घरघर कुठल्याच कपॅसिटरने जात नाही, आणि ती शोधताना माणूस वेडा होतो. मोठ्या इलेक्ट्रोलिटिकला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक समांतर लावा, उंच फ्रिक्वेन्सीला इलेक्ट्रोलिटिकचा भरवसा नसतो.

फेराइट रॉडचा (आतल्या काळ्या दांडीच्या अँटेनाचा) रेडिओ असेल तर रॉड आणि ट्रान्सफॉर्मर एकाच डब्यात कोंबू नका. सप्लाय फूटभर बाहेर नेला तरी कधी कधी निम्मं काम होतं. रॉड फिरवून पाहा, एका दिशेला आवाज बराच पडतो.

पायरी ५: अजून तंबोरा वाजतोय?

डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये ही तक्रार सगळ्यात चिवट. त्याचा ऑसिलेटर (आतला सिग्नल तयार करणारा भाग) ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरच चालतो. त्यातलं थोडंसं सप्लायच्या वायरींतून आणि अँटेनातून बाहेर गळतं, मेनपर्यंत पोचतं, डायोडांकडून शंभर हर्ट्झचा शिक्का मारून घेतं आणि अँटेनातून घरी परत येतं. रिसीव्हर आपलाच आवाज ऐकत बसतो. अँटेना ट्यून केली की गुणगुण वाढते, ही त्याची खूण.

१०३ चे कपॅसिटर लावून झाले असतील तर पुढचा उपाय फेराइटची रिंग. सप्लायकडून येणाऱ्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकत्र धरून रिंगमधून दहा-बारा वेढे घ्या, रिसीव्हरच्या अगदी जवळ. दोन्ही एकाच दिशेने, नाहीतर फायदा नाही. रिंग जुन्या कॉम्प्युटर एसएमपीएसच्या मेन फिल्टरमधून काढता येते. त्याच एसएमपीएसमध्ये पिवळी-पांढरी रिंगही असते, तीच आधी डोळ्यात भरते. ती आयर्न पावडरची, या कामाला कुचकामी.

रिसीव्हरच्या मागच्या बाजूला, वायर आत शिरते तिथेच, प्लस आणि डब्याच्या मधे ०.१ मायक्रोफॅरड लावा. आणि खोलीतूनच ओढलेली लांब वायर अँटेना म्हणून वापरत असाल तर ती मेन वायरिंगची सख्खी शेजारीण आहे. गच्चीवर डायपोल ताणून कोअ‍ॅक्सने खाली आणला की निम्मा तंबोरा तिथेच थांबतो.

मेनच्या बाजूला फिल्टर लावायचा मोह होईल. सुटे भाग जोडत बसण्यापेक्षा फिल्टरसकट येणारा तयार मेन सॉकेट घ्या, तो धातूच्या डब्यावर बसवा आणि अर्थिंग खरं आहे याची खात्री करा. सुटे कपॅसिटर लावायचेच असतील तर फेज-न्यूट्रलमधे फक्त एक्स२ आणि अर्थकडे फक्त वाय२ वर्गाचे, म्हणजे मेनसाठीच बनवलेले सुरक्षित कपॅसिटर. साधा ४०० व्होल्टचा पॉलिस्टर तिथे लावणं म्हणजे आगीला आवतण.

व्हॉल्व्ह सेटवाल्यांसाठी

आजोबांच्या सेटमधला ईझेड८० किंवा ५वाय३ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला म्हणून तिथे दोन १एन४००७ टाकले आणि कधी नव्हती ती घरघर आली, असं हमखास होतं. व्हॉल्व्ह रेक्टिफायरमध्ये साठा नसतोच, म्हणून झटकाही नाही. इथेही डायोडांवर १० नॅनोफॅरड, पण २५०-०-२५० च्या ट्रान्सफॉर्मरवर उलटं व्होल्टेज ७०० च्या वर जातं, म्हणून कपॅसिटर २ किलोव्होल्टचे घ्या. व्हॉल्व्हच्या मानाने डायोड फारच कमी व्होल्टेज खातात, त्यामुळे एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उंच डीसी व्होल्टेज) वाढतो, तोही मोजा. यू मालिकेच्या व्हॉल्व्हचे एसी-डीसी सेट असतील तर चेसिस थेट मेनला जोडलेली असते. त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका.

घरघर गेली, खरखर राहिली

सगळं झाल्यावर गुणगुण नाही, घरघर नाही, पण बॅटरीपेक्षा सप्लायवर एक बारीक, एकसारखी ‘स्स्स’ जास्त वाटत असेल तर झेनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड) पाहा. साधारण सहा व्होल्टच्या वरचे झेनर अ‍ॅव्हलांशवर चालतात आणि मोठा सपाट नॉइज देतात. नॉइज जनरेटर बनवायला लोक तेच वापरतात. ऑसिलेटर किंवा व्हॅरिकॅपचं (व्होल्टेजने कपॅसिटी बदलणाऱ्या डायोडचं) व्होल्टेज अशा झेनरवरून घेतलं असेल तर झेनरच्या पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरड, सोबत ०.१ चा सिरॅमिक लावा. व्हॅरिकॅपला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून तिथे हा रेझिस्टर १० किलोओहमपर्यंत नेता येतो. ऑसिलेटर मात्र करंट खातो, त्याला १ किलोओहममध्ये किती व्होल्ट पडतात ते मीटरने मोजून मगच झाकण लावा.